एकोणतीसचा पाढा आणि मिनिटाचा फोटो

फोटो मिळायला आठ दिवस लागतात ते अडाणी माणसाला, असं नृसिंह गुरुजींनी हिंगणवाडीच्या पारावर जाहीर केलं, तेव्हा पारावरच्या सहा जणांपैकी चौघांनी जन्मात फोटो काढून घेतलेला नव्हता. उरलेल्या दोघांनी लग्नात काढला होता, आणि तो त्यांना आठ दिवसांनी नव्हे, पहिलं मूल रांगायला लागल्यावर मिळाला होता. त्यामुळे गुरुजींचं म्हणणं खोडायला कोणी उठलं नाही. एरवीही उठत नसे. तीस वर्षं चार इयत्ता एका खोलीत एकट्यानं शिकवलेल्या माणसापुढे गाव आपोआप मांडी घालून बसतं.

गुरुजींच्या मांडीवर त्या दिवशी कॅमेरा होता. भाचा रविकांत अमेरिकेत इंजिनिअर. त्यानं कोणा येणाऱ्याबरोबर तो धाडला होता. उघडला की बाजाच्या पेटीसारखा भाता पुढे यायचा, मिटला की जेवणाच्या डब्याएवढा व्हायचा. खटका दाबायचा, पांढरी कागदी पट्टी ओढायची, मग पिवळी पट्टी ओढायची, की एक चपटं पाकीट बाहेर. साठ सेकंद थांबायचं आणि केळं सोलावं तसं ते सोलायचं. आत ओला, रंगीत, ताजा फोटो! ना अंधारी खोली, ना निगेटिव्ह, ना जामखेडला कानिफनाथच्या स्टुडिओत हेलपाटे.

"पर निगेटिव न्हाई तर दुसरी कापी कशी काडायची?" छगन कोतवालानं विचारलं.

गुरुजींनी त्याच्याकडे प्रेमानं पाहिलं. छगन त्यांच्याच हाताखाली चौथीत तीन वर्षं बसला होता.

"छगन, एकदा नीट काढलेल्या फोटोला दुसरी कॉपी लागतेच कशाला?"

हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. गुरुजींना तर ते पुढे फार दिवस लक्षात राहिलं.

साठ सेकंद मोजायचे कसे, हा एक प्रश्न होता. गुरुजींच्या मनगटी घड्याळाचा सेकंदकाटा सात वर्षांपूर्वी निखळून काचेच्या तळाशी मेलेल्या मुंगीसारखा पडला होता. पण गुरुजींनी त्यावर तोड काढली होती. एकोणतीसचा पाढा, त्यांच्या लांबवलेल्या चालीत, एके ते दाहे, बरोबर साठ सेकंदांत होत असे. खर्ड्याच्या पोस्टातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं राहून त्यांनी तो म्हणून पाहिला होता. पोस्टमास्तर त्या दिवशी तिकिटं विकायचं विसरले.

"घड्याळ मागेपुढे होतं. पाढा होत नाही," गुरुजी म्हणाले, आणि फोटो काढायला उभे राहिले.

फिल्मच्या पाकिटात फोटो आठ होते. आठच. पुढची फिल्म हवी तर पुन्हा अमेरिकेहून कोणी यायला हवं, आणि हिंगणवाडीला अमेरिकेहून माणसं तशी कमीच येतात.

पहिल्या फोटोची पिवळी पट्टी गुरुजींनी अर्धी ओढली आणि आपण बरोबर ओढतोय ना, हे पाहायला थांबले. यंत्राला थांबणं चालत नाही. पाराचा अर्धा फोटो आला, उरलेल्या अर्ध्यात तपकिरी चिखल. दुसरा सरपंच गोरक्षनाथांचा. नवं धोतर, नवा फेटा, मिशांना तूप. पण 'एकोणतीस चोक'लाच सरपंचांनी "झाला का?" म्हणून विचारलं, 'पंचे'ला पुन्हा विचारलं, आणि गुरुजींनी घाईनं पाकीट सोललं. फोटोत सरपंच अंगाला राख फासून बसलेल्या गोसाव्यासारखे दिसत होते. गुरुजी म्हणाले, गोरे दिसताय. सरपंचांनी चार दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

तिसरा फोटो बायडाबाईचा. बायडाबाई शाळेशेजारची म्हातारी. फोटोनं आयुष्य कमी होतं असं ती म्हणत होती, तरी पदर नीट करून उभी राहिली. ऐन खटक्याला भिऊन खाली बसली, आणि तिच्या जागी तिची शेळी पुढे आली. हा फोटो मात्र असा उतरला, की बघत राहावं! शेळीच्या दाढीचा केस न केस, डोळ्यातली पिवळी चमक, तोंडातली बाभळीची शेंगसुद्धा. बायडाबाईनं तो भिंतीवर लावला. आयुष्य कमी झालंच तर शेळीचं.

चौथा गुरुजींच्या पत्नीचा, सुनीतीबाईंचा. तोही छान आला होता. पण घरात आलेल्या नव्या वस्तूला आधी हळदकुंकू लावायचं, हा त्यांचा नेम. फोटो अजून ओला होता. कुंकवाचं बोट कपाळाला टेकलं ते सरकत हनुवटीपर्यंत गेलं, आणि सुनीतीबाई फोटोपुरत्या रक्तबंबाळ झाल्या.

"तुम्ही हात लावू नये म्हणून सांगायचं ना," त्या म्हणाल्या.

"रविकांतच्या पत्रात लिहिलंय."

"मग ते पत्र फोटोला बांधायचं."

इथपर्यंत सगळी गंमत होती. पाचव्या दिवशी तालुक्याच्या कचेरीतून पत्र आलं आणि गंमत संपली.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी कचेरीतले राधाकृष्ण साहेब अचानक तपासणीला आले होते. पटावर मुलं त्रेचाळीस. वर्गात भरली एकोणीस. कारण साधं होतं. साल दुष्काळाचं, आणि त्या दिवशी पाझर तलावाच्या कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पिठाचा गोड खाऊ, वाटत होते. सुकडी आणि एकोणतीसचा पाढा यांत मुलांनी काय निवडावं, हे कळायला शिक्षणशास्त्र लागत नाही. पण साहेबांच्या वहीत 'सुकडी' असा रकाना नव्हता. गुरुजींनी दहा वर्षं अर्ज करकरून शाळेला दुसरा शिक्षक मंजूर करून घेतला होता, त्याची फाईल साहेबांनी तिथंच थांबवली. आता पत्रात लिहिलं होतं की, पटावरील सर्व विद्यार्थ्यांचा एकत्र फोटो अमुक तारखेच्या आत सादर करावा, अन्यथा पद दुसऱ्या गावाकडे वळवण्यात येईल. पत्र कचेरीतून निघून गावात पोचायला बारा दिवस लागले होते. मुदतीचे दोन उरले होते.

गुरुजींनी ते पत्र दोनदा वाचलं. दहा वर्षांत त्यांचा आवाज घासलेल्या पाटीसारखा झाला होता. पहिलीला बाराखडी सांगताना चौथीचा अपूर्णांक तुटायचा, चौथीकडे वळलं की पहिली दप्तरासकट घरी जायची. दुसरा माणूस आला नाही तर पुढच्या वर्षी चौथी बंद करावी लागेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं. सुनीतीबाईंना न सांगताच कळलं होतं.

"कानिफनाथला बोलावू या का?" त्यांनी विचारलं.

"तो फोटो द्यायला आठ दिवस घेतो. आणि आपल्याकडे यंत्र आहे की," गुरुजींची मान पुन्हा ताठ झाली. "एका मिनिटाचं काम. चार फोटो उरलेत. लागणार एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, आईबाप तलावाच्या कामावर निघायच्या आत, मुलं शाळेपुढे हजर. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. छगननं घरोघर दवंडी दिली होती की, फोटोला न येणाऱ्याचं नाव शाळेतून कापतील. थंडी अशी होती की, मुलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. थंडीत त्या यंत्राचं रसायन आळसावतं, असं रविकांतनं लिहिलं होतं. त्यासाठी त्यानं धातूचे दोन पत्रे जोडलेलं एक पाकीट दिलं होतं. ओढून काढलेला फोटो त्यात घालायचा आणि मिनिटभर काखेत दाबून धरायचा.

"चार रांगा करा," गुरुजींनी हुकूम सोडला. रांगा झाल्या. "इकडे बघा." खटका दाबला, पट्ट्या ओढल्या, पाकीट पत्र्यात, पत्रा काखेत, आणि पाढा सुरू. एके ते दाहे, न चुकता. सोललं. रंग उत्तम, माणसं ठळक, कोणी कापलेलं नाही. फक्त त्रेचाळीस मुलांनी हात जोडले होते आणि डोळे घट्ट मिटले होते.

यात मुलांची काय चूक? हिंगणवाडीच्या शाळेत मुलं रांगेत फक्त प्रार्थनेला उभी राहत. रांगेत उभं राहिलं की हात जोडायचे आणि डोळे मिटायचे. उघडे दिसले तर छडी. हे गुरुजींनीच तीस वर्षं शिकवलं होतं. काही मुलांचे आईबापही हेच शिकून गेले होते. 'इकडे बघा' हे त्यांनी ऐकलं होतं, पण मिटल्या डोळ्यांनी.

गुरुजींनी तो फोटो वैतागून ओट्यावर टाकला. सुनीतीबाईंनी कडा धरून उचलला, आणि या खेपेला हळदकुंकू न लावता बाजूला वाळत ठेवला.

दुसऱ्या वेळी गुरुजींनी प्रत्येक रांगेपुढे जाऊन डोळे उघडे ठेवायला सांगितलं. एवढ्यात सरपंच गोरक्षनाथ आले. राग गेला नव्हता, पण शाळेचा फोटो आपल्यावाचून निघतोय हे त्याहून वाईट होतं. पत्र्याचं पाकीट त्यांनी मागून घेतलं.

"द्या हिकडं. तुमच्या काखंत ऊब कुटली? नुसती हाडं हायत. शाळा गावाची हाय, काखबी गावाची पायजे."

त्यांच्या अंगावर जाड घोंगडी होती आणि घोंगडीखाली भरपूर सरपंच होते. म्हणणं पटण्यासारखं होतं. गुरुजींनी खटका दाबला, पाकीट दिलं, सरपंचांनी काखेत दाबलं, पाढा चालू झाला. 'एकोणतीस सक'पर्यंत सगळं ठीक. तेवढ्यात तलावाच्या कामावरचे ओव्हरसियर मोटारसायकलवरून समोरून चालले. आता कामावर माणसं घेणं न घेणं त्यांच्या हातात. सरपंचांनी एवढा मोठा माणूस रामराम न करता कसा जाऊ द्यावा? त्यांनी घोंगडीतून दोन्ही हात काढले, कोपरापासून जोडले आणि कपाळाला लावले. पत्रा मातीत पडला, पाकीट उघडलं, आणि फोटोवर हिंगणवाडीची धूळ कायमची चिकटली.

"अहो, हात कशाला वर केलेत?"

"मग रामराम काय काखंतून करू?"

गुरुजींनी पत्रा उचलून झटकला. दोन फोटो उरले.

सातव्या वेळी पाकीट गुरुजींच्याच काखेत होतं. पण थंडीनं आणि ओरडण्यानं त्यांचा आवाज पार बसला. मग पाढा मुलांनीच म्हणावा असं ठरलं. त्रेचाळीस गळे एकदम निघाले, पत्र्याच्या छपरावरची कबुतरं उडाली. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, असं करत गाडी 'साते'वर आली, आणि तिसरीची रांग मोठ्यानं म्हणाली, "दोनशे चार!"

गुरुजींच्या तीस वर्षांनी त्यांना धरलं. एक हात वर झाला. काख मात्र त्यांनी सोडली नाही.

"थांबा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

"अहो, फोटो," ओट्यावरून सुनीतीबाई म्हणाल्या.

"मध्ये बोलू नकोस. साते चुकलंय."

मुलं पुन्हा 'एके'वर गेली. या वेळी तिसरी 'साते'ला गप्पच बसली, तेही गुरुजींना चालण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या खेपेला दोनशे तीन आले, दाहे दोनशे नव्वद झाले, गुरुजींनी समाधानानं मान हलवली आणि मग त्यांना काखेत काहीतरी असल्याची आठवण झाली. पाकीट सोललं. साठ सेकंदांच्या जागी तीन मिनिटं शिजलेली हिंगणवाडीची शाळा गडद निळी झाली होती. पुढच्या रांगेत दहा वांगी, मागे तेहतीस जांभळं.

पाढा मात्र त्या दिवसापासून तिसरीचा पक्का झाला. याचा गुरुजींना इतका आनंद झाला की, फोटो गेल्याचं दुःख त्यांना थोडं उशिरानंच झालं.

शेवटचा एक उरला. गुरुजी ओट्यावर टेकले. समोर आईबाप ताटकळत होते. कामावर हजेरीला उशीर झाला की दिवस बुडणार. सरपंच म्हणाले की, यंत्रच पनवतीचं आहे, एकदा शिंगणापूरला नेऊन तेल वाहून आणायला हवं. गुरुजींनी यंत्र मिटलं, पुन्हा उघडलं.

सुनीतीबाई पायऱ्या उतरून आल्या.

"मी मोजते," त्या म्हणाल्या.

"तुला कुठं येतोय एकोणतीसचा?"

"साठपर्यंत अंक येतात मला."

गुरुजींना ही युक्ती सुचली नव्हती. तिच्यात शिकवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी खटका दाबला, दोन्ही पट्ट्या सरळ ओढल्या, पाकीट काखेत धरलं. सुनीतीबाईंनी एक ते साठ मोजलं. सोललं.

काय सांगावं! त्रेचाळीस मुलं, शहाऐंशी उघडे डोळे. मागं शाळेची पाटी, पाटीवर गावाचं नाव, आकाश खऱ्या आकाशाच्या रंगाचं. गुरुजींनी तो फोटो दोन्ही तळव्यांवर धरला, जणू नुकतं जन्मलेलं मूल. डोळे भरून आले म्हणून त्यांनी ते मिटले, आणि पाणी थांबेपर्यंत उघडले नाहीत. तेवढं पुरलं.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे हातात घेऊ. फोटो गुरुजींच्या तळव्यांवरून पहिलीच्या रांगेत गेला, तिथून चौथीत, तिथून आयांकडे. ज्यानं त्यानं आपलं पोर शोधलं आणि 'ह्यो बघा' म्हणून त्याच्यावर बोट ठेवलं. त्रेचाळीस पोरं, त्रेचाळीस बोटं. शेवटी तो सरपंचांच्या हातात आला. त्यांना तो डागाळलेला दिसला. सरपंच मुळात टापटिपीचा माणूस. त्यांनी उपरण्याच्या सोग्यावर तोंडातली वाफ सोडली आणि फोटो स्वच्छ पुसला.

गुरुजींनी डोळे उघडले तेव्हा शाळेची पाटी तेवढी शिल्लक होती.

आईबाप हळूहळू कामावर गेले. गुरुजी वर्गात जाऊन बसले, आणि सवयीनं फळ्यावर तारीख लिहिली. आजची नव्हे, उद्याची, मुदतीची. सुनीतीबाई मागून आल्या. त्यांनी हजेरीपट उघडून आत जपून ठेवलेला फोटो काढला. तोच, पाचवा. प्रार्थनेचा.

"ही सगळी त्रेचाळीस आहेत. दोनदा मोजली मी."

"डोळे मिटलेत गं सगळ्यांचे."

"साहेबांनी मुलं मागवलीत. डोळे कुठं मागवलेत?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी एस.टी.नं तालुक्याला गेले. राधाकृष्ण साहेबांनी फोटोतली डोकी पेन्सिलीच्या टोकानं मोजली. त्रेचाळीस भरली. मग चष्मा वर करून पाहिलं.

"ही झोपलीत का?"

"प्रार्थना चालू आहे, साहेब."

"प्रार्थनेला हरकत नाही. पण झोपलेली मुलं हजर धरावीत की गैरहजर, याबद्दल परिपत्रक नाही." साहेबांनी फोटो उलटून पाहिला. "आणि ही एकच प्रत. नियमाप्रमाणे तीन लागतात. निगेटिव्ह कुठंय?"

गुरुजींना पारावरचा छगन आठवला. चौथीत तीन वर्षं बसलेला.

"साहेब, मुदत आज संपते."

"मुदतीचं काय, ती वाढते. घ्या की पंधरा दिवस. प्रती मात्र तीन."

एवढ्यासाठी चार फोटो, एक सकाळ आणि एक गळा गेला होता. मुदत वाढते, हे पत्रात कुठं लिहिलं नव्हतं. ते लिहायचं नसतं.

गुरुजी तिथून निघाले ते थेट कानिफनाथच्या स्टुडिओत. कानिफनाथनं हकिकत शांतपणे ऐकून घेतली, फोटो भिंतीला टाचला आणि आपल्या तिपाईवरच्या जुन्या कॅमेऱ्यानं फोटोचाच फोटो काढला. काळापांढरा. मग म्हणाला, "डोळं उघडू का?"

"म्हणजे?"

"निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची, गुरुजी. नवरीचा तीळ घालवतो, म्हाताऱ्याला दात देतो. डोळं म्हंजी काय अवघड हाय?"

गुरुजींनी आयुष्यात खोटं प्रगतिपुस्तक भरलं नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला. डोळे मुलांना होतेच. कानिफनाथ ते फक्त उघडणार होता. त्यांनी मान हलवली.

अडचण एवढीच की, कानिफनाथ भाद्रपदात गणपती रंगवायचा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता. पण त्याला डोळा काढता यायचा तो तेवढाच एक. आठ दिवस म्हणता म्हणता बारा दिवसांनी तीन प्रती मिळाल्या. त्रेचाळीस मुलं हात जोडून उभी, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लांब, पाणीदार, कानापर्यंत गेलेले गणपतीचे डोळे.

साहेबांनी तिन्ही प्रती ठेवून घेतल्या, मूळ रंगीत फोटो 'नियमात बसत नाही' म्हणून परत केला, आणि महिन्याभरात दुसऱ्या शिक्षकाचा हुकूम आला. सोबत तपासणीचा शेरा होता: 'फोटोवरून सर्व विद्यार्थी जागरूक असल्याचे आढळले.'

नवीन गुरुजी रुजू झाले त्या दिवशी परत आलेला मिटल्या डोळ्यांचा फोटो गुरुजींनी शाळेत लावला. बायडाबाई पाहायला आली. बराच वेळ नातवाला शोधून म्हणाली, "आमच्या शेळीचा लई खरा आला हुता." गुरुजींनी ते कबूल केलं.

त्याच आठवड्यात रविकांतचं पत्र आलं. मामा, कॅमेरा कसा वाटला, फोटो खरंच एका मिनिटात येतात ना, आणखी फिल्म पाठवू का? गुरुजींनी चार पानं उत्तर लिहिलं, फाडलं, आणि अखेर एवढंच लिहिलं: 'चि. रविकांतास अनेक आशीर्वाद. फोटो एका मिनिटात येतो, हे अगदी खरे. पुढचे बारा दिवस त्याला माणसांत आणण्यात जातात. फिल्म पाठवू नये.'

खाली सुनीतीबाईंनी आपल्या अक्षरात एक ओळ घातली: 'जमल्यास मामांच्या घड्याळाला सेकंदाचा काटा पाठव. नवीन गुरुजी आल्यापासून यांना पाढे म्हणायला कोणी देत नाही, आणि ते घरी भाताचा वेळ एकोणतीसच्या पाढ्यानं मोजतात. कालचा निळा झाला.'